पावी २००३ : २० पैकी १२, की शंभराच्या जवळ?

तासगावची_लेक
नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं फ्रान्समध्ये तुलूझला राहते. परवा शेजारच्या निवृत्त शिक्षकांची सत्तरी झाली (मी त्यांना काकाच म्हणते), म्हणून त्यांनी जपून ठेवलेली शातो पावी २००३ उघडली. फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशातल्या सँतेमिलियाँ गावची, २००३ च्या द्राक्षांची रेड वाइन. दोन तास आधी काचेच्या सुरईत ओतून ठेवली होती.

वास घेतला आणि मी थेट आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाऊन पोचले. काळा मनुका, सुकं अंजीर, अतिपक्व जांभूळ, मागे जरा कॉफीचा कडवटपणा. तोंडात इतकी दाट की चावून खावी. गोडसर वाटते, मग हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. पहिला ग्लास हरखून प्यायले. दुसरा निम्मा राहिला, आणि का राहिला ते कळेना.

काका म्हणाले, २००४ मध्ये या वाइनवरून मोठा वाद झाला होता. अमेरिकेचे वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १०० पैकी शंभराच्या जवळ गुण दिले, लंडनच्या समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२. दोघांच्याही जिभा आयुष्यभर कसलेल्या. मग एकाच वाइनबद्दल इतका फरक कसा? त्या वर्षी द्राक्षात काही बिघडलं होतं का?

निफाडचा_रसायनवाला
ताई, मी नाशिकजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळा सांभाळतो. पावी चाखण्याचा योग आला नाही, पण तुमचा मनुका मला नीट कळला.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे १५,००० माणसं दगावली. वेलींनीही तेच ऊन सोसलं. अशा उन्हात घडात साखर झपाट्याने भरते आणि मॅलिक आम्ल तितक्याच वेगाने घटतं. साल आणि बी पिकायला मात्र मागे राहतात. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघून तोडलं तर टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) कच्चं, बी तपकिरी व्हायची वाट पाहिली तर घड वेलीवरच मनुक्याकडे झुकतो. आमच्याकडे मार्चचं ऊन तापलं की रोज सकाळी हाच प्रश्न. मी प्लॉटवर बिया चावून बघतो, मीटरवर एकट्यावर विश्वास ठेवत नाही.

पावीचा उतार दक्षिणमुखी, म्हणजे ऊन भरपूर. पण खाली चुनखडी आणि चिकणमाती, ती ओल धरून ठेवते. शिवाय ७० टक्क्यांच्या आसपास मेर्लो जातीची द्राक्षं, आणि मेर्लो लवकर पिकते. १९९८ मध्ये जेरार पेर्स यांनी ही इस्टेट घेतली. ते सुपरमार्केटच्या धंद्यातून आलेले. वेलीवर घड कमी ठेवायचे, पूर्ण पिकू द्यायचे, नव्या ओकच्या पिंपात मुरवायचं, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे याला मी बिघाड म्हणणार नाही. कडक उन्हाच्या वर्षी ठरवून घेतलेली दिशा म्हणेन.

तुमचा दुसरा ग्लास राहिला तो बहुतेक आम्ल कमी पडल्यामुळे. आम्लाने लाळ सुटते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

थेम्सकाठी
वरच्या उत्तराला गुणांची भर घालतो. पार्कर यांची मोजपट्टी ५० पासून सुरू होते. रॉबिन्सन यांच्या पट्टीत १२ म्हणजे ६० टक्के नव्हे, सदोष किंवा तोल गेलेली वाइन. अंतर दिसतं त्याहून मोठं आहे. आणि दोघांनी चाखले ते पिंपातले कोवळे नमुने, बाटलीत भरण्याच्या खूप आधीचे.

रॉबिन्सन यांना ती पोर्टसारखी (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) आणि उशिरा तोडलेल्या झिनफँडेल द्राक्षाच्या वाइनसारखी वाटली. बोर्दोची ओळखच त्यात हरवली, असं त्यांचं म्हणणं. पार्कर यांना तोच दाटपणा थोर वाटला. ब्रिटिश आणि अमेरिकन जाणकारांत महिनोन् महिने जुंपली. माझं मत रॉबिन्सन यांच्या बाजूचं आहे. जेवणाशेजारी ठेवायच्या वाइनमध्ये ताजेपणा हवाच. पण १२ गुण मी दिले नसते. वीस वर्षांनी तुम्हाला पहिल्या ग्लासात आनंद देते ती वाइन सदोष कशी?

सँतेमिलियाँच्या वाइन-इस्टेटींच्या अधिकृत वर्गवारीने मात्र पावीला उचलून धरलं. १९५५ पासून दुसऱ्या पायरीवर होती, २०१२ मध्ये आंजेल्युस या शेजारच्या इस्टेटीबरोबर सर्वोच्च 'अ' श्रेणीत गेली. २०२२ च्या यादीत त्या श्रेणीत पावी आणि फिजाक एवढीच नावं उरली, कारण त्या श्रेणीतल्या ओझोन, शेव्हाल ब्लाँ आणि आंजेल्युस या इस्टेटी स्वतःहून बाहेर पडल्या होत्या.

जमलं तर याच घराची थंड वर्षातली बाटली चाखून बघा, २००१ किंवा २००४.

तासगावची_लेक
दोघांचेही मनापासून आभार. निफाडकर दादा, आम्लाचं वाचलं आणि लगेच पटलं. त्या रात्री काकूंनी बदकाच्या मांसाबरोबर आंबट चेरीचा रस्सा वाढला होता. तो जिभेवर होता तेव्हाच वाइन हलकी वाटली, ताट रिकामं झालं आणि ती पुन्हा जड झाली.

काकांना विचारलं. २००१ नाही, पण २००४ ची एक बाटली तळघरात आहे. दिवाळीला उघडू म्हणालेत. चकल्या मी नेणार आहे. चव इथेच लिहीन.