१०+० ला रॅपिड म्हणायचं का? दिग्गजांच्या ऑनलाइन स्पर्धांत इन्क्रिमेंट परत हवा

अंतखेळ

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यातल्या हडफड्याला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत झाली. सिंदारोव आणि वेई यी यांचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि मग १५+१० च्या रॅपिडमध्ये, दुसऱ्या डावात सिंदारोवने चषक घेतला. १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंदांची भर, म्हणजेच इन्क्रिमेंट. त्या घड्याळावर लागलेला निकाल कुणालाही कमअस्सल वाटला नाही.

आता त्याच वर्षीच्या दिग्गजांच्या ऑनलाइन स्पर्धा बघा. रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकासाठी ज्या पात्रता स्पर्धा झाल्या त्या बहुतेक घरून, आणि १०+० वर. म्हणजे १० मिनिटं, पुढे एक सेकंदसुद्धा नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनने आपल्या नावाची स्पर्धा ऑनलाइन भरवली तेव्हा घड्याळ १५+१० होतं. पाच वर्षांत भर शून्यावर आली.

माझं म्हणणं सरळ आहे: पटावर जे कमावलं ते शेवटच्या २० सेकंदांत माऊसवर गमवायला लागत असेल तर ती स्पर्धा बुद्धिबळाची राहत नाही. हत्ती-प्याद्याविरुद्ध एकट्या हत्तीचा बचाव घ्या. फिलिडोरची रीत कोणत्याही मास्टरला झोपेत येते: हत्ती सहाव्या रांगेवर धरून ठेवायचा, प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती मागे टोकाला नेऊन शह देत राहायचे. पण घड्याळात ६ सेकंद उरले असतील तर ही रीत येऊन उपयोग काय? समोरचा नुसता हत्ती इकडे-तिकडे हलवत बसतो. ५० चालींच्या नियमापर्यंत पोचायला ५० चाली खेळाव्या लागतात, आणि बघून-विचार करून केलेली एक चाल, कितीही सराव असला तरी, अर्धा-पाऊण सेकंद खातेच. २ सेकंदांची भर असली तर तोच बचाव टिकतो.

आपल्याकडचे क्लब मुलांच्या ऑनलाइन स्पर्धा घेताना मोठ्यांचाच साचा उचलतात, म्हणून हा विषय गोव्यातल्या लोकांसमोर मांडतोय. १०+० उचलू नका.

डिचोली_६४

पूर्ण असहमत. भर नसलेलं घड्याळ काल आलेलं नाही. डिजिटल घड्याळं येण्याआधी कित्येक पिढ्या तशाच खेळल्या. १० मिनिटं दोघांनाही सारखीच मिळतात. पहिल्या १५ चालींत साडेतीन मिनिटं घालवायची की दीड, हा खेळाडूचा निर्णय, आणि तो निर्णय हे कौशल्यच. शेवटी ६ सेकंद उरले याचा अर्थ २२ व्या चालीवर कुणीतरी दोन मिनिटं विचार करत बसलं होतं.

दुसरं, हिशेब करा. १५+१० चा ६० चालींचा डाव म्हणजे दोघांचे मिळून ३० मिनिटं अधिक २० मिनिटं, एकूण ५०. असे चार डाव म्हणजे ३ तास २० मिनिटं, टायब्रेक वेगळा. १०+० चे चार डाव कितीही ताणले तरी ८० मिनिटांच्या पुढे जात नाहीत. युरोपात संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा होतात. २०२२ च्या मे महिन्यात प्रज्ञानंद ऑनलाइन रॅपिडच्या अंतिम फेरीत पोचला तेव्हा त्याची उपांत्य लढत आपल्या रात्री दोननंतर संपली होती आणि सकाळी अकरावीचा पेपर होता. लांब घड्याळाची किंमत भारतातली पोरं भरतात. हे कुणी बोलत नाही.

अंतखेळ

@डिचोली_६४, प्रज्ञानंदचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने काळ्या मोहऱ्यांनी कार्लसनला ३९ चालींत हरवलं ते १५+१० वर. १६ व्या वर्षी जगज्जेत्याविरुद्ध बरी स्थिती मिळवून ती जिंकेपर्यंत नेली, कारण प्रत्येक चालीला निदान १० सेकंद हातात होते. उशीर होतो तर सामना लवकर सुरू करा. वेळापत्रकाचं दुखणं घड्याळावर का काढायचं?

तिसवाडी_आर्बिटर

नियम काय सांगतात ते आधी बघू, कारण "रॅपिड" हा शब्द मोघम नाही. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांत रॅपिड म्हणजे प्रत्येक खेळाडूला १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० मिनिटांपेक्षा कमी. भर असेल तर ती ६० ने गुणून मूळ वेळेत मिळवायची. १५+१० म्हणजे २५. १०+२ म्हणजे १२, हे रॅपिडच. १०+० म्हणजे नेमके १०, आणि १० किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ. तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाला नियमपुस्तकाचं उत्तर "नाही" असं आहे.

याला महत्त्व का, तेही सांगतो. भर नसलेल्या क्लासिकल आणि रॅपिड डावांसाठी नियमांच्या शेवटी मार्गदर्शक सूचना आहेत. आयोजकाने त्या आधी जाहीर केल्या असतील, तर ज्याच्या घड्याळात दोन मिनिटांपेक्षा कमी उरलेत तो स्वतःच्या पाळीला आर्बिटरला (पंचाला) सांगू शकतो की समोरचा जिंकायचा प्रयत्नच करत नाहीये किंवा साध्या मार्गाने जिंकूच शकत नाही, बरोबरी द्या. दोघांनाही ५ सेकंदांची भर लावा, अशी विनंतीही करता येते. ब्लिट्झला या सूचना लागूच नाहीत, आणि ऑनलाइन सर्व्हरला असं काही सांगायची सोयच नाही. म्हणजे जुन्या काळी भर नसलेल्या घड्याळाला जी कुंपणं होती ती आज काढून टाकली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तसंच खेळले हे खरं, पण बाजूला आर्बिटर उभा असायचा.

आणखी एक जागा, जिथे पुष्कळांची गफलत होते. हत्ती विरुद्ध घोडा, प्यादी संपलेली, आणि हत्तीवाल्याचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपला. निकाल काय? फिडेच्या नियमानं घोडेवाला जिंकतो, कारण कायदेशीर चालींनी मात शक्य आहे: पांढरा राजा एच१, पांढरा हत्ती जी१, काळा राजा एच३, घोडा एफ२ वर आला की मात. जी१ स्वतःच्याच हत्तीने अडवलंय, जी२ आणि एच२ काळ्या राजाच्या ताब्यात, आणि जी१ वरून हत्तीला घोडा मारता येत नाही. लिचेस या ऑनलाइन खेळायच्या संकेतस्थळावरही हाच निकाल. चेस डॉट कॉमवर मात्र एकटा घोडा म्हणजे अपुरं सैन्य, म्हणून बरोबरी. एकच स्थिती, पण अर्ध्या गुणाचा फरक. १०+० वर अशा स्थिती फ्लॅगपर्यंत ताणल्या जाण्याची शक्यता वाढते, तेव्हा क्लबने आपल्या पत्रकात कोणता निकाल ग्राह्य ते लिहायलाच हवं.

पेडणेकर_प्रीमूव्ह

व्याख्या पटली, निष्कर्ष पटला नाही. नाव ब्लिट्झ ठेवा हवं तर, पण खेळाचा दर्जा नावानं ठरत नाही. रियाधला अंतिम लढत कार्लसन विरुद्ध फिरूझा झाली आणि कार्लसन जिंकला. आपला अर्जुन एरिगैसी उपांत्य फेरीपर्यंत गेला. १०+० हा जुगार असता तर हीच नावं वर आली असती का?

प्रीमूव्हबद्दलही, म्हणजे समोरच्याची पाळी चालू असतानाच आपली चाल लावून ठेवण्याबद्दल, गैरसमज दिसतो. चेस डॉट कॉमवर प्रीमूव्हला ०.१ सेकंद कापला जातो, लिचेसवर काहीच नाही. म्हणजे चेस डॉट कॉमवरही २ सेकंदांत २० प्रीमूव्ह बसतात. पण आंधळेपणाने लावलेली प्रीमूव्ह समोरच्याने एक शह दिला की बाद होते किंवा मोहरा फुकट जातो. कुठल्या चाली सुरक्षित आहेत हे ओळखणं (राजाची चाल जिथे शह पोचतच नाही, समोरच्याला मारावंच लागेल तिथे उलट मारणं) हे स्थिती समजल्याशिवाय जमत नाही. याला माऊसची शर्यत म्हणणं अन्याय आहे.

अंतखेळ

कार्लसन ३+१ वर जिंकतो, क्लासिकलवर जिंकतो, समोर कुठलंही घड्याळ ठेवा तो वरच असणार. चांगला खेळाडू पहिला येतो यावरून घड्याळ चांगलं ठरत नाही. पाचव्या आणि नवव्या क्रमांकातला फरक कशानं पडतो ते बघायला हवं.

कुर्टी_वायरमन

गोव्याचा विषय काढलात म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. १०+० वर घरून खेळणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका समोरच्यापेक्षा विजेचा आहे, त्यात पावसाळा. सत्तरीत किंवा सांग्यात झाड तारांवर पडलं की लाईट जाते, इन्व्हर्टर चालू होतो, आणि लोक समजतात काम झालं. तसं नसतं. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलताना मध्ये जो क्षणभराचा खंड पडतो तेवढ्यात राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. फायबरचा डबा लाईन पकडून नेट देईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. १० पैकी ३ मिनिटं गेली.

उपाय महाग नाही. राऊटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपियर छापलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपियर. त्याच मापाचा छोटा डीसी यूपीएस मध्ये लावायचा. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही लावायचा, एकालाच लावून फायदा नाही. संगणकाला वायफाय नको, केबल हवी. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवायचा. फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचा आणि आधीच जोडून बघितलेला.

इथे एक चूक ठरलेली. मोठ्या स्पर्धांत समोरचा कॅमेरा आणि बाजूचा कॅमेरा दोन्ही लागतात, स्क्रीन शेअर लागतो, कान उघडे लागतात. बाजूचा कॅमेरा म्हणजे बहुधा फोन. तोच फोन हॉटस्पॉट म्हणून ठेवला तर नेट बदलताना कॅमेराही तुटतो आणि फेअर प्लेवाले (फसवणुकीवर नजर ठेवणारे) विचारतात तुम्ही कुठे गेलात. दोन फोन ठेवा, आणि कॅमेऱ्याचा फोन चार्जरवर असताना तापतो तेव्हा त्याचं कव्हर काढून ठेवा.

लॅगचंही, म्हणजे चाल सर्व्हरपर्यंत पोचायला लागणाऱ्या उशिराचंही, सांगतो. सर्व्हर दूर असेल आणि चालीमागे ०.२ सेकंद जात असतील तर ६० चालींत १२ सेकंद गेले. सर्व्हर थोडी भरपाई देतो, पण तिला मर्यादा असते. १५+१० वर १२ सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाहीत. १०+० वर तेवढ्यात डाव जातो.

डिचोली_६४

माहितीबद्दल देव बरें करूं, पण यातून भरीची बाजू सिद्ध होत नाही. २०२० चं ऑनलाइन ऑलिंपियाड आठवा. आपली भक्ती कुलकर्णी त्या भारतीय संघात होती. घड्याळ होतं १५+५, म्हणजे भर होती. तरी ३० ऑगस्टच्या अंतिम लढतीत कनेक्शन तुटून निहाल सरीन आणि दिव्या देशमुख वेळेवर हरले, आणि शेवटी भारत-रशिया संयुक्त विजेते जाहीर करावे लागले. नेट गेलं की ५ सेकंदही वाचवत नाहीत आणि १० ही नाहीत. त्यावर इलाज एकच, खेळाडू एका सभागृहात बसवणं, जसं रियाधला केलं. ते केलं की १०+० ला आक्षेप काय उरतो?

कुर्टी_वायरमन

तुटलेलं नेट भर जोडत नाही, मान्य. पण नेट परत आल्यावर काय होतं? भर असेल तर १५ सेकंदांवर परतलेला माणूस डाव खेळू शकतो. नसेल तर तो परतूनही हरलेलाच.

तिसवाडी_आर्बिटर

याच संदर्भात २०२० ची एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ऑनलाइन रॅपिडमध्ये डिंग लिरेनचं कनेक्शन बरोबरीच्या एंडगेममध्ये तुटलं आणि तो वेळेवर हरला. पुढच्या डावात कार्लसनने पहिल्या काही चालींतच मुद्दाम वजीर देऊन डाव सोडला. गुण समसमान झाले. कार्लसनने केलं ते मोठ्या मनाचं होतं, पण स्पर्धेचा नियम असा हवा की खेळाडूला ते करावं लागू नये. क्लबांना सुचवण्यासारखं: डाव तुटला तेव्हाची स्थिती एंडगेम टेबलबेसमध्ये (संगणकाने काढून ठेवलेल्या अचूक निकालांच्या साठ्यात) बसत असेल, म्हणजे राजे धरून सात किंवा कमी मोहरे, तर आर्बिटरने टेबलबेसचा निकाल द्यावा. जास्त मोहरे असतील तर पहिल्या १० चालींच्या आत तुटलेला डाव नव्याने, त्यानंतरचा घड्याळाप्रमाणे. आधी लिहून ठेवलं असेल तरच हे चालतं.

पेडणेकर_प्रीमूव्ह

टेबलबेसचा मुद्दा चांगला आहे, पण त्यात पळवाट आहे. बरोबरीची पण खेळायला अवघड स्थिती, उदाहरणार्थ हत्ती-उंट विरुद्ध हत्ती, असेल तर माणूस मुद्दाम केबल काढेल. टेबलबेस म्हणेल बरोबरी, आणि पटावर ती स्थिती मोठमोठे ग्रँडमास्टर हरलेत.

तिसवाडी_आर्बिटर

बरोबर. म्हणून एका खेळाडूला एका स्पर्धेत एकदाच, आणि बाजूच्या कॅमेऱ्यात हात दिसत असतील तरच.

डिचोली_६४

एवढी कलमं लिहायची तर मुलांच्या स्पर्धेला १०+२ ठेवून मोकळं व्हा, तिथे माझी हरकत नाही. ६० चालींचा डाव २४ मिनिटांत संपतो, चार फेऱ्या दोन तासांत बसतात. पण दिग्गजांना सभागृहात बसवलं असेल तर १०+० चालू राहावं, यावर मी ठाम आहे.

अंतखेळ

१०+२ वर तुम्ही आलात याचा आनंद आहे. सभागृहाबद्दल मात्र अजून नाही: केबल पक्की असली तरी हत्ती-प्याद्याविरुद्ध ६ सेकंद ते ६ सेकंदच. तिथेही २ सेकंद द्या, चार डावांच्या लढतीत सोळा मिनिटंच वाढतात.