एमजीबीचा मागचा डावा कोपरा बसलाय, नवे पाटे टाकूनही

कलता_मनोरा

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. मागून बघितली की एक खांदा पाडून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसते. चाकाच्या मध्यापासून वरच्या क्रोम पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत मोजलं. उजवीकडे ३७१ मिमी, डावीकडे ३५२. तब्बल १९ मिमीचा फरक. गाडी रिकामी, जमीन सपाट, टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी.

गेल्या वर्षी मागचे दोन्ही पाटे (लीफ स्प्रिंगा) जोडीने नवे टाकले. त्याआधीही कलत होती, पण म्हटलं पन्नास वर्षांचे पाटे, बसणारच. नवे टाकल्यावर पहिले दोन आठवडे रोज जाऊन बघायचो आणि स्वतःची समजूत घालायचो, "नवे आहेत, अजून बसायचेत." बसले एकदाचे. पुन्हा डावीकडेच.

आतापर्यंत तपासलेलं सांगतो. सेंटर बोल्टची डोकी आपापल्या जागी आहेत, यू-बोल्ट घट्ट आहेत, अ‍ॅक्सल आणि पाट्यामधले रबरी पॅड दोन्हीकडे आहेत. एकही पान तुटलेलं नाही. पाट्याचा पुढचा डोळा (टोकाची गोल वळी) जिथे बॉडीला लागतो तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितला, टणक आहे.

एकच गोष्ट संशयाची वाटते. मागचा डावा शॉकअप तेल गाळतोय. कललेलीही डावी बाजूच. दोन अधिक दोन चार म्हणून नवा मागवणार होतो, म्हटलं आधी इथे विचारावं.

नऊसोळांश

दोन अधिक दोन इथे चार होत नाहीत. मागवू नका, निदान या कारणासाठी तरी नको.

तुमच्या गाडीला लिव्हरवाले शॉकअप आहेत. आत पिस्टन, तेल आणि व्हॉल्व्ह, बाहेर एक दांडा. दांडा हलला की तेल बारीक वाटेने जातं आणि हालचाल मंदावते, एवढंच त्याचं काम. गाडीचं वजन तो एक किलोही पेलत नाही. गॅस भरलेला टेलिस्कोपिक शॉकअप गाडी थोडीशी उचलून धरतो, हा नाही. खात्री करायची असेल तर दांड्याला अ‍ॅक्सलशी जोडणारी लिंक सोडा, गाडी चार हात पुढे-मागे ढकला आणि पुन्हा मोजा. आकडा तोच येईल. तेल गळतंय त्याचा बंदोबस्त करा, पण तो वेगळा आजार आहे.

माझा प्रश्न दुसराच आहे. पाटे टाकलेत तेव्हा पुढच्या डोळ्याचे बोल्ट कधी आवळलेत? चाकं लोंबकळत असताना?

कलता_मनोरा

हो. गाडी स्टँडवर असतानाच सगळं आवळून टाकलं. बोल्टपर्यंत हात तेव्हाच नीट पोचतो ना.

नऊसोळांश

सगळे हेच करतात, मीही केलं होतं. पुढच्या डोळ्यात रबर आणि लोखंडी नळी एकमेकांना चिकटवलेला बुश असतो. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीशी घट्ट होते, पाटा फिरतो तो फक्त रबराला पीळ देऊन. लोंबकळत्या चाकांवर आवळलात तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि स्वतःच एक छोटी स्प्रिंग होऊन बसतं. दोन्हीकडे पीळ कमीजास्त असेल तर उंचीही कमीजास्त. गाडी चाकांवर उभी करा, बोल्ट सैल करा, मागचा भाग चारपाच वेळा दाबून सोडा, मग आवळा. पीळ तसाच राहिला तर बुश फाटतोही लवकर.

पण १९ मिमी सगळे यातून येतील असं मात्र मला वाटत नाही.

ग्रीसचे_डाग

मागची मापं दिलीत, पुढची कुठे आहेत? मोनोकॉक (वेगळी चौकट नसलेली, एकसंध बॉडीची) गाडी आहे, कलली तर अख्खी कलते. मागे दिसलं म्हणून कारण मागेच असेल असं नाही. चौरंगाचा कुठला पाय आखूड आहे ते वरून बघून कळत नाही, तसंच हे.

एमजीबीत तर पुढच्यावर संशय आधी घ्यावा. पुढे कॉइल स्प्रिंगा आणि अँटिरोल बार (दोन्ही बाजू जोडून कलणं रोखणारी सळई), म्हणजे कलण्याला खरा विरोध पुढूनच होतो. मागचे पाटे चाकांपासून बरेच आत बसवलेले, ते पुढचा जसा कलेल तसे मुकाट मागोमाग जातात.

चाचणी फुकटातली आहे. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावा. जॅकची वाटी रुंद असते, ती कलायला अडवते. म्हणून मध्ये एक जाड गोल सळई गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे बॉडी तिच्यावर डुलू शकेल. पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचला. गाडी आता तिपाईवर आहे आणि पुढच्या स्प्रिंगा हिशेबातून बाद झाल्या. मागचा बंपर धरून हलवा, शांत झाली की मागची दोन मापं घ्या. फरक गेला तर दोष पुढे, राहिला तर मागे. एक सांगून ठेवतो. सळईवर डुलणारी गाडी आहे, खाली डोकंसुद्धा घालू नका.

क्रॉसप्लाय

मोजायची जागाही बदला. या वयाच्या गाडीचे मागचे पंख (मडगार्ड) कधी ना कधी बदललेले किंवा ठोकलेले असतातच, आणि ती क्रोम पट्टी ज्याने लावली त्याच्या नजरेवर. जमिनीपासून मागच्या शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीच्या) बॉडीकडच्या पिनेपर्यंत मोजा, ती जागा कारखान्यात ठरलेली आहे.

१९७७च्या मॉडेलपासून पुढच्या गाड्यावाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की त्यांच्यात मागेही अँटिरोल बार आहे. मोजताना त्याच्या लिंक सोडा, नाहीतर तो एका बाजूला ओढत असेल तरी कळणार नाही.

कलता_मनोरा

रविवार सत्कारणी लागला. क्रमाने सांगतो.

लिंक सोडून मोजलं, एक मिमीचाही फरक नाही. शॉकअपची निर्दोष मुक्तता.

डोळ्याचे बोल्ट सैल केले तेव्हा डावीकडून "कट्" असा आवाज आला आणि मला उगाचच विजय मिळाल्यासारखं वाटलं. गाडी दाबून, ढकलून मोजलं. १९चे १७ झाले.

पुढे मोजलं तर तिथेही डावी बाजू १४ मिमी खाली! वर्षभर मागेच वाकून बघत होतो, पुढे टेप लावायचं एकदाही सुचलं नाही.

मग सळईवाली चाचणी. जॅक जेमतेम वर गेला आणि गाडीने डावा खांदा अलगद उचलला, माझ्या डोळ्यांदेखत. मागे पट्टीपर्यंतचा फरक उरला ५ मिमी. शॅकलच्या पिनेपाशी जमिनीपासून मोजला तर फक्त २. म्हणजे उरलेले ३ मिमी कुणीतरी पत्र्यात नाहीतर पट्टीत घातलेत.

आता पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढाव्या का?

ग्रीसचे_डाग

काढा, पण पॅनखाली (स्प्रिंग खालून जिच्यात बसते त्या वाटीखाली) जॅक घट्ट धरून आणि सावकाश. दाबलेली स्प्रिंग आहे, सुटली तर हात नेईल.

काढायच्या आधी तिचं शेवटचं टोक पॅनमध्ये नीट बसलंय का बघा. काढल्यावर नुसती मोकळी लांबी बघून निकाल देऊ नका. जीटीची (एमजीबीच्या पक्क्या छताच्या मॉडेलची) स्प्रिंग रोडस्टरच्या स्प्रिंगपेक्षा मोकळी असताना आखूड, पण कडक असते, आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी अशा गाड्या मी पाहिल्यात. तारेची जाडी मोजा, वेटोळे मोजा. स्प्रिंग विशबोनच्या (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या हाताच्या) मधोमध दाबते, त्यामुळे तिच्यातली दोन मिमी चाकापाशी साधारण तीन-चार मिमी होतात.

कलता_मनोरा

निघाल्या. तार दोन्हींची सारख्याच जाडीची, वेटोळेही तितकेच. डावी मात्र १० मिमी आखूड. उजवीवर निळ्या रंगाचा पुसट पट्टा दिसतोय, डावीवर नुसता गंज. आधीच्या मालकाने कधीतरी एकच बदललेली दिसते.

जोडी नवी घातली. खालच्या विशबोनच्या आतल्या बुशचे बोल्ट या वेळी गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. शंभरेक किलोमीटर फिरवून मग टेप लावला. पुढे फरक २, मागे पट्टीपर्यंत ४. पट्टी खाली-वर करत बसणार नाही, तेवढा तिचा हक्क आहे.

नऊसोळांश

पुढची उंची बदललीय, तेव्हा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) तपासून घ्या. हेडलाइटही.

कलता_मनोरा

हेडलाइट काल भिंतीवर टाकून लावले. टो शनिवारी, आणि त्याच दिवशी तो गळका शॉकअपही उतरवतो.