नाट्यपद, अभंग, भावगीत, लावणी: जुनी गाणी कशावर टिकतात आणि आज गाताना कुठे मोडतात?

मंद्रसप्तक
दिवाळी पहाटेला दीड तासात बारा गाणी बसवायची आहेत. तीन नाट्यपदं, तीन अभंग, चार भावगीतं, दोन लावण्या. गायक हौशी, साथीला पेटी, तबला-ढोलकी, टाळ. इतकी वर्षं लोकांच्या ओठांवर असलेली ही गाणी तालमीत मात्र सगळी एकसारखीच वाटतात. प्रत्येक प्रकारात गाणं नेमकं कशावर तगलं आहे? आणि कॅरिओकीचा ट्रॅक वापरावा का?

गमकगंध
सगळी एकाच रीतीने गायली जात असतील, म्हणून एकसारखी वाटतात. प्रत्येक प्रकाराचा जीव वेगळ्या जागी असतो.

नाट्यपद फुलवण्यासाठीच बांधलेलं असतं. 'स्वयंवर'मधलं (१९१६) 'नाथ हा माझा' घ्या. राग यमन, चाल भास्करबुवा बखल्यांची. असं पद रंगमंचावर वन्स मोअर घेत लांबायचं आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटपायचं. दोन्हीकडे ते पुरं वाटतं, कारण मुखडा, म्हणजे परत परत येणारी सुरुवातीची ओळ, घट्ट आहे आणि मधली जागा मोकळी. हौशी गायक नेमकं उलट करतात: तबकडीतल्या ताना पाठ करतात. तेवढा दमसास नसतो, शेवटच्या दोन मात्रा घाईत जातात, मुखडा उशिरा उचलला जातो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते. त्यापेक्षा आठ मात्रांची साधी, स्वतःची तान घ्या, पण मुखड्यावर वेळेत या. लोक त्या मुखड्याचीच वाट बघत असतात.

भावगीतात अशी मोकळी जागा नसते. तिथे शब्द सांभाळायचा. 'शुक्रतारा मंद वारा' म्हणताना 'मंद'वर सूर धरायचा झाला, तर बहुतेक जण लगेच 'न्'वर जातात. आवाज नाकात शिरतो आणि बसतो. 'म'चा अकार लांबवा, 'न्द' अगदी शेवटी सोडा. श्वास चरण संपल्यावर घ्या, शब्द तोडून नको. आणि कृपा करून श्रीनिवास खळ्यांच्या या चालीत आपल्या ताना घालू नका. त्या चालीत आधीच इतकी बारीक नक्षी आहे की वरून काही चढवलं की ती झाकली जाते.

टाळकरी
अभंगाचं टिकणं अक्षरांत आहे. 'माझे माहेर पंढरी' मोजा: मा-झे-मा-हे-र-पं-ढ-री, आठ. 'आहे भिवरेच्या तीरी', पुन्हा आठ, आणि शेवटी यमक. हा छोटा अभंग. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांशी त्याचं सहज जुळतं, म्हणून प्रथमच ऐकणारासुद्धा दुसऱ्या आवर्तनाला सोबत म्हणू लागतो. राम फाटकांची चाल भीमसेनजींच्या गळ्यातून घरोघर पोचली ती या पायावर.

चूक होते ती लयीत. सुरुवातीलाच लय चढवली की पुढे वाढवायला जागा उरत नाही आणि टाळ पळायला लागतात. मिनिटाला ९०च्या आसपास मात्रा ठेवून सुरू करा, शेवटच्या कडव्यानंतरच चढा. टाळांच्या सगळ्या जोड्यांना मिळून एकच माईक, तोही हातभर लांब. नाहीतर शब्द ऐकूच येत नाहीत.

चाट_थाप
लावणीचं थोडक्यात. 'बुगडी माझी सांडली गं'सारखी लावणी (चित्रपट 'सांगत्ये ऐका', १९५९) तबल्यावर भागवू नका. ढोलकीच्या धुमाचा (खर्जाच्या बाजूचा) घुमारा आणि चाटेचा (काठावरच्या थापेचा) कडकडाट तबल्यात नाही. आधी गायिकेची पट्टी ठरवा, मग शाईचं (उंच स्वराच्या बाजूचं) पान तिच्या षड्जाला लावा. पहाटेच्या दवात पान उतरतं, तेव्हा लावणीच्या आधी पाच मिनिटं राखून ठेवा आणि पुन्हा लावून घ्या. ओळ उचलून धरायला मागे दोन झीलकरी हवेत. झील नसेल तर गायिकेला दम घ्यायला उसंत मिळत नाही आणि ठसका जातो.

कोमलनिषाद
ट्रॅक नको. तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो. पेटीच्या काळी चारमधलं गाणं पुरुषाने काळी एकमध्ये घ्यायचं, तर ट्रॅक सात अर्धस्वर खाली ओढावा लागतो. दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे वाद्यांचा आवाज बिघडतो. पट्टी ठरवताना अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर आधी गाऊन बघा, मग मुखड्यातला खालचा. मुखड्यावरून पट्टी ठरवली की अंतऱ्यात हमखास किंचाळणं होतं.

निवडताना एक कसोटी लावा: गाणं नुसत्या तानपुऱ्यावर म्हणा. मधले वाद्यमेळाचे तुकडे काढल्यावरही चाल उभी राहिली तर घ्या. जुनी म्हणून सगळीच चांगली नव्हती. पडली ती आपल्यापर्यंत आलीच नाहीत.

एक सुचवतो. 'कट्यार काळजात घुसली'मधलं (१९६७) 'घेई छंद मकरंद' हे पद जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन रागांत बांधलं आहे, सालगवराळी आणि धानी. दोन्ही लागोपाठ घ्या. शब्द तेच ठेवून चाल काय काय करू शकते, ते श्रोत्यांना न सांगता कळेल.

मंद्रसप्तक
फार उपयोगी. 'गीतरामायणा'तलं 'पराधीन आहे जगती' भावगीतांत धरलंय, पण कडवी फार आहेत. कुठली गाळू?

गमकगंध
ते १९५५ साली पुणे आकाशवाणीसाठी रचलं गेलं, तबकडीच्या तीन मिनिटांचं बंधन नव्हतं. चार कडवी ठेवा. दोन ओंडक्यांच्या दृष्टांताचं ठेवाच, आणि शेवटचंही. राम भरताची समजूत घालतोय. शेवट गाळला तर बोलणं अर्ध्यावर तुटतं.