कृषी पदवीनंतर पाणलोट विकासाचे शिक्षण: मृदशास्त्र की ग्रामविकास?

प्रश्न (शिवारफेरी):
यंदा माझी बी.एस्सी. कृषी पूर्ण होत आहे. पाणलोट विकासाचे, म्हणजे उतारावरून वाहणारे पाणी व माती अडवून मृद व जलसंधारण करण्याचे काम गावपातळीवर करावे अशी इच्छा आहे. परंतु मृदशास्त्रात एम.एस्सी. करावी की आणंदची इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन संस्था) किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेचा तुळजापूर परिसर अशा ठिकाणी ग्रामविकास शिकावा, हे ठरत नाही. ग्रामीण कृषी कार्यानुभवात आम्ही बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवली, पण एकाही समतल चराची (उतारावर समान उंचीच्या रेषेत खोदलेल्या, पाणी अडवणाऱ्या चराची) आखणी केली नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (माथा ते पायथा):
मृदशास्त्र घ्यावे आणि त्याला भूजलशास्त्राची जोड द्यावी. (मृद व जलसंधारण अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला सामान्यतः कृषी अभियांत्रिकीची पदवी लागते, हे ध्यानात असू द्यावे.) महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा असून, त्यात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. जलयुक्त शिवार या राज्य शासनाच्या जलसंधारण अभियानाच्या काळात अनेक ठिकाणी नाले मुरमाचा थर ओलांडून कठीण खडकापर्यंत खोदले गेले; तेथे पाणी साचलेले दिसते, पण पुरेसे मुरत नाही, उलट लगतच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरण्याचा धोका असतो. जेसीबी कोठे थांबवायचा हे सांगू शकणारा माणूस गावाला हवा आहे.

उत्तर २ (गावकुसाबाहेर):
वरील मुद्दा योग्य असला तरी अपुरा आहे. माथ्यावरची जमीन बहुधा गायरान किंवा वनखात्याची असते आणि तेथे चराईबंदी लागू केली की पायथ्याच्या विहिरींना पाणी वाढते, मात्र झळ शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांना बसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील दरेवाडीसारख्या गावांत राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या अटी होत्या, तसेच संपूर्ण क्षेत्राचे काम मिळण्यापूर्वी गावाने लहान क्षेत्रावर आपली तयारी सिद्ध करायची होती. अशा अटींवर ग्रामसभेत एकमत घडवणे, वाटणीतला अन्याय वेळीच ओळखणे आणि पाणलोट समितीचे हिशेब सर्वांना समजतील असे मांडणे हेही कौशल्यच आहे. मृदशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचे शिक्षण मिळत नाही. माझे मत ग्रामविकासाच्या बाजूने आहे.

उत्तर ३ (पाण्याचा ताळेबंद):
पदवी कोणतीही घ्या, पण आधी एखाद्या पाणलोट संस्थेत वर्षभर क्षेत्रीय काम करा. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या राज्याच्या ‘पोकरा’ प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत विकसित केली. तेथील सितारा (ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचे केंद्र) या केंद्राचे काम अभ्यासावे, कारण पाऊस, माती आणि पीकपद्धती यांचा एकत्र हिशेब मांडल्यावर ऊस परवडेल की नाही, ही चर्चा आकड्यांवर येते. प्रवेशापूर्वी प्रत्येक संस्थेला एवढे अवश्य विचारा, की विद्यार्थी सलग किती आठवडे गावात राहतात आणि त्या मुक्कामात पावसाळा येतो का.