मतदान यंत्रावर नागरिकांनी नजर ठेवायची कुठे? 17-सी फॉर्मवर की व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांवर?

बूथवाला
नोव्हेंबर 2024 च्या महाराष्ट्र विधानसभेला संध्याकाळी 5 पर्यंत 58.22 टक्के मतदान आणि अंतिम आकडा 66.05 टक्के, ही वाढ आली कुठून हा वाद अजून धुमसतोय. तो चॅनेलवर भांडून मिटायचा नाही, नमुना 17-सी, म्हणजे प्रत्येक केंद्रावर किती मतं पडली त्याचा हिशेबाचा फॉर्म, काढून मिटेल. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष क्लोज बटण दाबतो, कंट्रोल युनिटवरचा (यंत्राचा मतं साठवणारा भाग) एकूण आकडा वाचून 17-सी भरतो आणि निवडणूक संचालन नियम 49-एसप्रमाणे हजर असलेल्या पोलिंग एजंटांना, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना, प्रत देतो. यंत्रांचे आणि पेपर सीलचे क्रमांक, 17-ए नोंदवहीतले मतदार, यंत्रातली मतं, सगळं त्यात असतं.

मतदानाची वेळ संपताना जे रांगेत असतात त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. किती वाटल्या ते एजंटने टिपलं, तर संध्याकाळची वाढ त्या बूथपुरती तपासता येते. निकालानंतर नमुना 20 मध्ये बूथनिहाय मतं मिळतात, ती 17-सीशेजारी ठेवा. नोटा धरा, टपाली मतं धरू नका. बेरजा बहुतेक तिथेच चुकतात.

खरा घोळ हा, की एजंट संध्याकाळ व्हायच्या आत उठून जातो. मग प्रत घ्यायला कोणी नाही आणि दुसऱ्या दिवशी बोंब.

अर्धा गणिती
17-सी किती मतं पडली ते सांगतं. कुणाला पडली, यावर अवाक्षर नाही. बेरीज चोख जुळूनही वाटणी चुकीची असू शकते. ती पकडायला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्याच मोजाव्या लागतात, आणि एप्रिल 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून विधानसभा मतदारसंघामागे त्या मोजतात फक्त 5 केंद्रांच्या.

मतदारसंघात 300 केंद्रं धरा. 30 ठिकाणी गडबड असेल, तर 5 च्या सोडतीत त्यातलं एक तरी सापडण्याची शक्यता 41 टक्के. 3 ठिकाणी असेल तर जेमतेम 5 टक्के. 95 टक्के खात्री हवी तर पहिल्या बाबतीत 28 केंद्रं पुरतात, दुसऱ्यात 189 लागतात. म्हणजे ठरावीक 5 हा आकडाच निरर्थक आहे. मताधिक्य जितकं कमी, तितकी जास्त केंद्रं तपासायला हवीत. अमेरिकेत कोलोरॅडोने 2017 पासून राज्यभर हेच सुरू केलं.

बूथवाला
एकट्या मतदारसंघाचं गणित ठीक. पण महाराष्ट्रात 288 गुणिले 5, म्हणजे 1440 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि तफावत नसल्याचं निवडणूक यंत्रणेने सांगितलं. राज्यभर 2 टक्के केंद्रांत जरी फेरफार असता, तरी 1440 मध्ये एकही न सापडणं जवळपास अशक्य.

अर्धा गणिती
राज्यभर एकसारखा पसरलेला फेरफार असेल तर मान्य. पण आमदार मतदारसंघात निवडून येतो, राज्याच्या सरासरीवर नाही. दोनशे मतांनी लागलेल्या जागेला 1440 चा काय उपयोग?

टेबल क्रमांक सात
दोघांनीही मोजणीचा हॉल डोळ्यासमोर आणा. चिठ्ठ्या जाळीच्या बंदिस्त खोलीत मोजतात: ड्रॉप बॉक्स उघडायचा, उमेदवारवार खणांत टाकायच्या, 25-25 चे गठ्ठे बांधायचे, पाचही केंद्रं एकापाठोपाठ. 189 केंद्रं या पद्धतीने काही दिवसांचं काम आहे. करायचंच तर टेबलं वाढवा.

आणि फरक दिसला की लगेच 'हॅक' ओरडू नका. आधी मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी म्हणून घेतलेलं मतदान, तपासा. मतदानाच्या 90 मिनिटं आधी किमान 50 मतं टाकून क्लोज, रिझल्ट, क्लिअर करायचं असतं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या असतात. क्लिअर करायचं राहिलं तर कंट्रोल युनिटमध्ये मतं जास्त, चिठ्ठ्या आत राहिल्या तर व्हीव्हीपॅटमध्ये जास्त. दोन्ही चुका पहाटेच्या गडबडीत होतात. म्हणून एजंटला संध्याकाळइतकंच पहाटेही थांबवा.

अर्धा गणिती
टेबलं वाढवा, हेच म्हणतोय. मतदाराच्या भरवशावर तर काहीच सोडता येत नाही. त्याला चिठ्ठी 7 सेकंद दिसते. चुकीची वाटली तर नियम 49-एमएखाली लेखी घोषणा द्यायची, मग सर्वांसमोर एक चाचणी मत. ते बरोबर छापलं की खोटी घोषणा केली म्हणून कारवाईची टांगती तलवार. अधूनमधून होणारा बिघाड एका चाचणीत कसा सापडणार?

बूथवाला
या नियमावर सहमत, तो मतदाराला गप्प बसवणारा आहे. पण मारकडवाडीसारखा उपाय नको. डिसेंबर 2024 मध्ये तिथे गावाने मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने रोखलं. रोखणं मला पटलं नाही, पण झालं असतं तरी निकाल माहीत झाल्यावर घेतलेलं ते मतदान यंत्राबद्दल काहीही सिद्ध करत नाही. त्यापेक्षा 17-सीच्या प्रती आयोगाने त्याच रात्री वेबसाइटवर टाकाव्यात, ही मागणी रेटा. आज नियमाने त्या फक्त एजंटांच्या हातात जातात. सामान्य मतदाराला कोणत्या तरी उमेदवाराच्या दारात उभं राहावं लागतं.

टेबल क्रमांक सात
त्यात एक जोडा: पराभूत उमेदवाराचे हक्क मुदतीचे असतात. सुप्रीम कोर्टाच्या 26 एप्रिल 2024 च्या निकालाप्रमाणे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला 5 टक्के यंत्रांची मेमरी तपासून घेता येते, पण लेखी अर्ज निवडणुकीच्या निकालानंतर 7 दिवसांत, खर्च आधी त्याचा. निवडणूक याचिकेला 45 दिवस. कुठली यंत्रं मागायची, हे त्या 7 दिवसांत 17-सी हाताशी असल्याशिवाय ठरवणार कसं?