क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की चित्र स्वतःच्या हाताने काढलं आणि मूळ कलाकाराला क्रेडिट दिलं की फॅन आर्टच्या, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवरून काढलेल्या चित्रांच्या, कीचेन बिनधास्त विका. नाही हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ ची सूट आहे ती खाजगी वापर, समीक्षा असल्या गोष्टींना, आणि कलम ६३ मध्ये तर किमान ६ महिने कैद आहे, धंद्यात फायद्यासाठी केलेलं नसेल तरच कोर्ट ती कमी करू शकतं, म्हणजे किंमतीचं लेबल लावलं की ती पळवाटही गेली.

मी काही साधूपणाचा आव आणत नाहीये, वाशीला प्रदर्शनात दोन वर्षं ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनचे, स्टिकर मीही विकलेत आणि तिथे कुणी हटकलं नाही. पण तेच ऑनलाइन टाकले तर तीन महिन्यांत तक्रार आली आणि वेबसाइटवाल्यांनी अख्खं दुकानच बंद केलं, त्यात माझी स्वतःच्या डोक्यातली, कुणाचीही कॉपी नसलेली चित्रं पण गेली, रिव्ह्यू गेले, अडकलेले पैसे वेगळेच. हे कुणी सांगत नाही. आता नेरूळच्या फ्लेमिंगोंचे स्टिकर करते. खप निम्मासुद्धा नाही, खोटं कशाला बोलू.