मटेरियामुळे ‘फायनल फँटसी ७’ची पात्रं लढाईत एकसारखी होतात का?

वाफेचं_इंजिन (धागाकर्ता)

१९९७ च्या मूळ व्हिडिओ गेमबद्दल बोलतोय, रीमेकचा विषय नंतर काढू. मटेरियाची, म्हणजे शस्त्र-चिलखताच्या खाचांत (स्लॉटमध्ये) बसवायच्या जादूच्या गोट्यांची पद्धत मला मनापासून आवडते, पण तिने लढाईतली पात्रं पुसून टाकली असं माझं ठाम मत आहे. आग, बर्फ, वीज, जखमा भरणं, चोरी, समन (मदतीला बोलवायच्या महाशक्ती), सगळं गोट्यांमध्ये. बॅरेटच्या बंदुकीतली गोटी काढून टिफाच्या हातमोज्यात घातली की विद्या तिच्याकडे गेली. सहाव्या भागात (१९९४) ब्लिट्झ हे मारामारीचं तंत्र सेबिनचं होतं आणि यंत्रं एडगरची. इथे युफी मटेरिया चोरणारी निन्जा म्हणून कथेत येते, पण चोरी करायला युफी लागतच नाही. ‘स्टील’ कुणालाही लावा.

शेवटी तर हे फारच उघडं पडतं. ‘नाइट्स ऑफ द राउंड’ हे समन एकाकडे, आधीची कृती जशीच्या तशी परत करणारं ‘माइम’ बाकी दोघांकडे. १३ वार, प्रत्येकी जास्तीत जास्त ९,९९९, म्हणजे एका समनचे १,२९,९८७. पहिल्याला २५० एमपी (जादूचे गुण) लागतात, माइम करणाऱ्याला शून्य. एमराल्ड वेपन या महाकाय शत्रूचे १० लाख एचपी (जीवाचे गुण) आठ समनमध्ये संपतात. उभे असलेले तिघं कोण आहेत, याने काय फरक पडला?

मागची_रांग

फरक पडतो, आणि तो शस्त्रामुळे पडतो. सुरुवातीपासून बघू.

मागच्या रांगेत उभं राहिलं की शारीरिक माराचं नुकसान निम्मं होतं, पण आपला वारही निम्मा होतो. बॅरेट, युफी आणि व्हिन्सेंट यांची शस्त्रं लांब पल्ल्याची असल्यामुळे त्यांचा वार मागूनही पूर्ण बसतो. क्लाउड किंवा टिफाला हेच करायचं तर ‘लाँग रेंज’ मटेरिया लागतं, म्हणजे एक स्लॉट गेला. बॅरेटलाही सगळ्या बंदुका सारख्या नाहीत: कॅननबॉल आणि ॲटॉमिक सिझर्स जवळून मारायच्या आहेत. दुकानात मोठा आकडा बघून ती बसवली आणि रांग बदलायला विसरलात, तर वार अर्धा होतो आणि कारण लवकर कळत नाही.

दुसरं, मटेरिया फुकट नाही. आग-बर्फ-वीज यांतलं प्रत्येक मटेरिया कमाल एचपी २ टक्के कमी करतं आणि एमपी २ टक्के वाढवतं. नाइट्स ऑफ द राउंड एचपी १० टक्के खातं, एमपी २० टक्के देतं, मॅजिक ८ ने वाढवतं. आता ‘व्हाइट विंड’ घ्या. ते टाकणाऱ्याच्या त्या क्षणी असलेल्या एचपीइतकंच सगळ्यांना बरं करतं. ज्याला जादूने लादून ठेवलंय त्याच्या हाती व्हाइट विंड दिलं, तर संकटाच्या वेळी ते तोकडं पडणारच. तेव्हा कुणावर काय लादायचं हा विचार प्रत्येक पात्रासाठी वेगळा करावा लागतो.

शून्य_वाढ

मागची_रांग यांच्याशी सहमत, आणि धागाकर्त्यांच्या ‘कोण उभं आहे याने काय फरक पडला’ या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं. प्रत्येकाच्या अंतिम शस्त्राला आठ स्लॉट आहेत आणि मटेरियाची वाढ शून्य (त्यात बसवलेलं मटेरिया लढून वाढत नाही), इथपर्यंत ती सारखी. पण वाराची ताकद ठरते कशावर?

क्लाउडचं अल्टिमा वेपन: एचपी पूर्ण असेल तर तलवार भरात, एचपी उतरले की तीही उतरते. केट सिथच्या एचपी शाउटचंही तेच. सिडचं व्हीनस गॉस्पेल आणि रेड १३ चं लिमिटेड मून एमपीवर चालतं. म्हणजे सिडला भरपूर जादू देऊन ती वापरायला लावणं हा त्याचा भाला बोथट करण्याचा खात्रीचा मार्ग. व्हिन्सेंटची डेथ पेनल्टी त्याने आजवर किती शत्रू मारले ते मोजते. त्याला पूर्ण खेळ बाकावर बसवून तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या डिस्कवर बंदूक हातात दिली तर निराशाच पदरी पडेल. युफीचं कन्फॉर्मर शत्रूची लेव्हल बघतं.

बॅरेटचं मिसिंग स्कोअर मला सर्वांत जास्त आवडतं. त्यात बसवलेल्या मटेरियावर जमलेल्या एकूण एपीवर (लढाईतून मिळणाऱ्या वाढीच्या गुणांवर) त्याची ताकद ठरते. म्हणजे पूर्ण वाढलेली आठ मटेरिया बंदुकीत, आणि त्यातही एचपी न खाणारी निवडायची. नाइट्स ऑफ द राउंडला पूर्ण व्हायला ५ लाख एपी लागतात, त्यामुळे ते एकटंच मोठा फरक पाडतं, पण त्याचे १० टक्के एचपी तुमच्या खात्यातून जातात.

हे घेऊन एमराल्डसमोर जा. त्याचा ‘एअर टॅम स्टॉर्म’ पात्राच्या अंगावरच्या प्रत्येक मटेरियामागे १,१११ नुकसान करतो आणि बचाव त्याला आडवा येत नाही. बंदुकीत आठ आणि चिलखत रिकामं, तर ८,८८८. नववं मटेरिया लावलं की ९,९९९, आणि एचपी त्याच्या वर जातच नाहीत. क्लाउडला मात्र तीनचार मटेरियावर भागवता येतं, कारण त्याच्या तलवारीला गोट्यांची भूक नाही. एकाच शत्रूसमोर दोघांची तयारी उलट्या दिशांनी करावी लागते. याला एकसारखेपणा कसं म्हणायचं?

गोंगागा_रिॲक्टर

मिसिंग स्कोअरबद्दल एक सूचना: दुसऱ्या डिस्कवर मिडगार शहरात होजो या शत्रूकडे जाताना बॅरेट पार्टीत असेल तरच ती पेटी दिसते. त्याला एअरशिपवर ठेवलं तर बंदूक कायमची हुकली.

वाफेचं_इंजिन

शून्य_वाढ, तुमची मांडणी उत्तम आहे, पण ती माझ्याच बाजूने जाते. ही सगळी शस्त्रं मिळतात कधी? बहुतेक दुसऱ्या डिस्कच्या उत्तरार्धात. त्याआधी? बस्टर सोर्डला हल्ला १८ आणि जोडलेले (दोन मटेरिया मिळून काम करतील असे) दोन स्लॉट. पुढच्या तलवारीत आकडा जास्त, स्लॉट जास्त. एन्हान्स सोर्डला आठ जोडलेले स्लॉट मिळतात म्हणून हल्ला ४३ असूनही ती बाळगावीशी वाटते. तिथे निवड आपण स्लॉट मोजून करतो, क्लाउड कोण आहे हे बघून नव्हे. टिफाच्या हातमोज्यांतही तेच गणित, बॅरेटच्या बंदुकांतही तेच. कथेचा मोठा भाग असा जातो.

सात_रीळ

तुम्ही लिमिट ब्रेकला (मार खाऊन गेज भरलं की करता येणाऱ्या खास चालीला) हातच लावला नाहीत, आणि खेळाने पात्रांचा स्वभाव तिथेच ठेवलाय.

एरिथच्या सातही लिमिटमध्ये शत्रूला थेट नुकसान करणारं एकही नाही. बरं करणं, रोखणं, राखणं एवढंच. टिफाची लिमिट इतरांसारखी एकाऐवजी दुसरी अशी निवडायची नसतात. ती साखळीने जोडली जातात, सात शिकली की सात रीळ (जुगाराच्या यंत्रासारखी फिरणारी चक्रं), आणि प्रत्येक रीळ ‘मिस’वर थांबू नये ही जबाबदारी तुमच्या अंगठ्याची. व्हिन्सेंट रूपांतर झालं की तुमच्या ताब्यातच राहत नाही. त्याच्याकडे जखमा भरणारं ‘रिस्टोअर’ ठेवणं म्हणजे ऐन वेळी वैद्य हरवणं. केट सिथची दोनच लिमिट आहेत, दोन्ही नशिबाची.

ती मिळवायची रीतही पात्रागणिक आहे. क्लाउडला दुसऱ्या पातळीसाठी स्वतःच्या हाताने १२० शत्रू मारावे लागतात, क्रॉस-स्लॅशसाठी ब्रेव्हर ८ वेळा वापरावा लागतो. गोटी दुसऱ्याला देता येते, ही मेहनत देता येत नाही. घाई असेल तर ‘हायपर’ हे औषध देऊन फ्युरी (चवताळलेली अवस्था) लावा, गेज लवकर भरतं, पण नेम चुकायला लागतो हे धरून चाला.

आणि टिफाचं प्रीमियम हार्ट! त्याची ताकद लिमिट गेज किती भरलंय यावर आहे. गेज पूर्ण झालं की मेन्यूत ‘हल्ला’च्या जागी ‘लिमिट’ येतं, म्हणजे हातमोजा ऐन भरात असताना साधा ठोसा मारता येत नाही. उपाय आहे: ‘डेथब्लो’ ही वेगळी आज्ञा असल्यामुळे ती शाबूत राहते. नेम कच्चा, पण लागला तर क्रिटिकल.

कोरडा_शेला

मला धागाकर्त्यांचं पटतं, आणि पुरावा निर्मात्यांनीच दिलाय. २०२० च्या रीमेकमध्ये मटेरिया तसंच ठेवलं, पण प्रत्येक पात्राला एका बटणावर स्वतःची लढाई दिली: क्लाउडचा पनिशर मोड, बॅरेटचं ओव्हरचार्ज, एरिथचं टेम्पेस्ट. शस्त्रागणिक एक कौशल्य दिलं, बस्टर सोर्डला फोकस्ड थ्रस्ट, आयर्न ब्लेडला ट्रिपल स्लॅश, आणि सराव पूर्ण झाला की शस्त्र बदललं तरी ते पात्राकडे राहतं. मूळ खेळात हे पुरेसं असतं तर एवढी भर घालावी लागली नसती.

मागची_रांग

रीमेकमध्ये लढाई बटणांवर आहे, तिथे हाताला वेगळेपणा जाणवायलाच हवा. मूळ खेळात पाळी ठरवणारी एटीबी पट्टी भरेपर्यंत थांबायचं असतं, त्यामुळे वेगळेपण तयारीत असतं. शिवाय मूळ कथा पात्रं सारखी काढून घेते. क्लाउड बेपत्ता होतो, पुढे मिडील गावात आजारी सापडतो, आणि त्या काळात नेतृत्व आधी टिफाकडे, मग सिडकडे जातं. एरिथ पहिल्या डिस्कच्या अखेरीस कायमची जाते. तिचं मटेरिया मात्र आपल्याकडे परत येतं. विद्या तिच्याबरोबर गेली असती तर खेळाडू पुढे अडला असता. इथे वैद्यकी उरते आणि ती करणारी उरत नाही. मेन्यूत ती गोटी दुसऱ्याच्या शस्त्रात बसवताना जे जाणवतं, ते सेबिनच्या ब्लिट्झने साधलं नसतं.

वाफेचं_इंजिन

हा मुद्दा मान्य. एरिथच्या बाबतीत गोटी हलवता येणं हीच कथा आहे, हे मी धरलं नव्हतं. मधल्या शस्त्रांबद्दलचं मत मात्र कायम.

नवा_चोकोबो

मधल्या शस्त्रांवरूनच विचारते. क्लाउडला एपी जमवायला अपॉकलिप्स ही तलवार घ्यावी का? तिप्पट वाढ आहे.

शून्य_वाढ

स्लॉटने गुणून बघा. अपॉकलिप्स तीन स्लॉट गुणिले तीन, म्हणजे नऊ. फोर्स स्टीलर सहा स्लॉट गुणिले दोन, म्हणजे बारा. रॅग्नरॉक सहा गुणिले एक. एकच मटेरिया घाईने पूर्ण करायचं असेल तर अपॉकलिप्स, बरीच एकत्र वाढवायची तर फोर्स स्टीलर. त्याचा हल्ला ३६ च आहे, म्हणून मारायचं काम बाकी दोघांकडे द्या. सुरुवात ‘ऑल’पासून करा: ३५,००० एपीला पूर्ण होतं आणि पूर्ण झालेलं एक विकलं तर १४ लाख गिल (खेळातलं चलन) मिळतात. फक्त लढाई संपताना क्लाउड जिवंत हवा, पडलेल्या पात्राच्या मटेरियाला एपी मिळत नाही.